पोटातले जिवाणू आणि डोक्याचे आरोग्य



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणे प्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय मांडत असतो. यावेळचा विषय वेगळा आहे. पण शेवटपर्यंत वाचलात तर तो आपल्या सरीतलाच आहे हे आपणांस पटेल.

निमित्त असे घडले. गेल्या ऑगस्टमध्ये गटातील काही सभासदांना घेऊन आम्ही मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये गेलो होतो. १९७५ साली स्थापन झालेली ही संस्था आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे जिवाणू खतांची माहिती घेतली आणि संध्याकाळी स्वारगेटला आलो, तर गाडीला दोन तास अवकाश. मंडळी म्हणाली, "साहेब, मेट्रोत बसून तरी बघू." सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या भुयारी मार्गावर स्वारगेटच्या शेजारचेच स्टेशन मंडईचे. थोड्या वेळात आम्ही महात्मा फुले मंडईच्या दगडी इमारतीपुढे उभे होतो.

ही इमारत १८८६ साली त्यावेळच्या गव्हर्नरच्या नावाने, 'रे मार्केट' म्हणून उघडली. हिच्यावर होणाऱ्या खर्चाला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव मिळाले. त्या दिवशी तेथेच आमचा एक वर्ग भरला, तो असा.

मंडळींनी मेथी घेतली, गवार घेतली, कांदे घेतले. भाजीवाल्या मावशींनी पिशवी भरता भरता विचारले, "कुठलं गाव म्हणायचं दादा? शेती हाय का?" आमच्यातले एकजण अभिमानाने म्हणाले, "हाय की. पाच एकर बागायत. सगळा ऊस." मावशी म्हणाल्या, "मग मेथी हितनं न्यायची पाळी का आली?" सगळे हसले. पण उत्तर कोणाकडेच नव्हते, आमच्याकडेही नव्हते.

बाहेर पडताना एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांला बाजूला घेतले. त्यांच्या थोरल्या बंधूंना दारूमुळे लिव्हरचा आजार झाला होता. एके दिवशी ते असंबद्ध बोलू लागले. दिवसा झोपायचे, रात्री जागायचे. हात पुढे धरले की पंजे फडफडायचे. बायकोला ओळखेनात. घरच्यांना वाटले वेड लागले, भावकी म्हणाली बाहेरचे काहीतरी आहे. आठ दिवस देवऋषाकडे गेले. शेवटी दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी एक गोड पातळ औषध सुरू केले आणि सांगितले, "दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालं पाहिजे." तिसऱ्या दिवशी बंधूंनी धाकट्या भावाला नावाने हाक मारली.

"साहेब," ते म्हणाले, "बिघडलं होतं डोकं, आणि औषध दिलं पोटाचं. हे कसं काय?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही परतीच्या गाडीत जमेल तसे दिले. ते सर्व सभासदांच्या उपयोगाचे आहे म्हणून येथे सविस्तर देत आहोत.

युरियाचा धडा

प्रथम आपल्या डिस्टिलरीकडे पाहा. मळीच्या टाकीत यीस्ट हा सूक्ष्मजीव साखर खातो आणि अल्कोहोल बाहेर टाकतो. ते माणसाच्या पोटात गेले की डोक्यात काय गोंधळ घालते, हे कोणास सांगायला नको. म्हणजे सूक्ष्मजीवाने बनवलेला पदार्थ मेंदूवर परिणाम करतो, ही गोष्ट मुळीच नवीन नाही. क्वचित काही रोग्यांच्या आतड्यातच यीस्ट माजून अल्कोहोल तयार होते आणि थेंबही न घेता माणूस झिंगतो, असेही डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे.

आता युरिया. आपण युरिया सरीत टाकतो. जमिनीतील जिवाणूंच्या अंगी युरिएज नावाचे विकर असते. ते युरिया फोडून अमोनिया करते. युरिया मातीआड न करता वरच पसरला, त्यातून जमीन चुनखडीची असली, तर हा अमोनिया हवेत उडून जातो आणि आपले पैसेही त्याच्याबरोबर उडतात. जमीन आम्ल असेल तर तोच अमोनिया अमोनियमच्या रूपात मातीत अडकून राहतो.

आपल्या मोठ्या आतड्यातही अगदी हेच चालते. अंगातील टाकाऊ नत्राचा युरिया बनतो. त्याचा बराचसा भाग लघवीवाटे जातो, थोडा आतड्यात उतरतो. तेथील जिवाणूंकडेही युरिएज आहे. ते युरिया फोडतात, प्रथिनांचे उरलेसुरले अंश कुजवतात आणि अमोनिया सोडतात. हा अमोनिया रक्तातून लिव्हरकडे जातो. निरोगी लिव्हर तो पकडून पुन्हा निरुपद्रवी युरिया बनवते. पण लिव्हर निकामी झाले की हा पहारा उठतो, अमोनिया सरळ मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस भ्रमिष्ट होतो.

त्या गोड औषधाचे नाव लॅक्ट्युलोज. दुधातील साखरेपासून ते बनवतात. आपल्याला ते पचत नाही. ते तसेच मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथील जिवाणू ते खाऊन आम्ल तयार करतात. आतड्याची जमीन आम्ल झाली की अमोनिया अमोनियम होऊन तेथेच अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. या आजारावर लॅक्ट्युलोजचा उपयोग १९६६ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि आजही ते नित्याच्या वापरात आहे. म्हणजे आतड्यातील जिवाणूंचे खाणे बदलले आणि माणसाचे डोके ताळ्यावर आले. पोटाचा डोक्याशी संबंध आहे का, याचा याहून सरळ पुरावा आम्हांला माहीत नाही.

हे जिवाणू किती आणि कोणते

२०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे मोजदाद केली तर घरधन्यापेक्षा कुळेच जास्त. यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. सगळ्यांचे मिळून वजन मात्र पाव किलोच्या आतच भरते.

हे काम आपल्या पुण्यातही झाले आहे. विद्यापीठाच्या आवारातील नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेतील डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लोकांच्या आतड्यातील जिवाणू तपासले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात भारतीयांमध्ये प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू विशेष आढळल्याचे नमूद आहे. प्रेव्होटेला हा धान्य-भाजीपाल्यावर जगणाऱ्या लोकांच्या पोटात अधिक सापडतो. भाकरी-भाजीने पोसलेले हे आपले जुने कूळ आहे.

मेंदूपर्यंत निरोप कसा जातो

निरोपाच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट तारेची. मेंदूपासून पोटापर्यंत व्हेगस नावाची मज्जा गेलेली आहे. मेंदू पोटाला हुकूम सोडत असेल असे आपणांस वाटते, पण हिच्यातील दहापैकी सुमारे आठ तंतू पोटाकडून मेंदूकडे बातमी नेतात. हुकमापेक्षा अहवालच जास्त.

दुसरी वाट रसायनांची. सेरोटोनिन हे द्रव्य मनःस्थिती आणि झोप यांच्याशी संबंधित म्हणून प्रसिद्ध आहे. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनते, आणि जिवाणूंचा त्या बनण्यावर परिणाम होतो. मात्र येथे एक गैरसमज टाळावा. आतड्यातील सेरोटोनिन मेंदूत जात नाही. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांची गाळणी ते अडवते. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः बनवतो. आतड्यातले सेरोटोनिन पोटाची हालचाल सांभाळते आणि व्हेगसच्या तारेला डिवचते, इतकेच.

तिसरी वाट बांधाची. आपण खाल्लेला चोथा आपल्याला पचत नाही, जिवाणूंना पचतो. त्यातून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवर जगतात. अस्तर धड असले की आतली घाण रक्तात झिरपत नाही आणि अंगात दाह माजत नाही. हा दाह बराच काळ राहिला तर मेंदूलाही झळ पोचते. उंदरांवरील प्रयोगात असे दिसले की चोथा मिळाला नाही तर काही जिवाणू आतड्याच्या अस्तरावरील बुळबुळीत थरच खाऊ लागतात. उपाशी जनावर दावे तोडून घरचेच पीक खाते, तसाच हा प्रकार.

पाचट जाळू नका म्हणून आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. कारण पाचट हे जमिनीतील जिवाणूंचे खाणे आहे. अन्नातला चोथा म्हणजे आतड्यातले पाचट. साळून, पॉलिश करून, मैदा करून आपण ते जेवणाच्या आधीच जाळून टाकतो.

सिद्ध काय, अर्धवट काय

हा भाग आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. कारण या विषयाच्या नावाखाली बाजारात पुड्या आणि कॅप्सुलांची विक्री जोरात आहे.

२००४ साली जपानच्या क्युशू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी जिवाणूविरहित वाढवलेले उंदीर तपासले. त्यांना थोडे कोंडून ठेवले की त्यांच्या अंगात ताणाची द्रव्ये नेहमीच्या उंदरांपेक्षा फार वाढत. लहान वयात एक चांगला जिवाणू दिला तर ही स्थिती सुधारली. वय वाढल्यावर जिवाणू देऊन तेवढा उपयोग झाला नाही. २०११ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील प्रयोगात एका जिवाणूने उंदरांची भीती कमी झाली, आणि व्हेगसची तार कापल्यावर हा गुण येईना. म्हणजे निरोप तारेनेच जात होता.

येथपर्यंत सर्व छान. पण तोच जिवाणू पुढे निरोगी माणसांना देऊन पाहिला, त्याचा निकाल २०१७ साली आला. साध्या बिनऔषधी गोळीपेक्षा काहीही जास्त फरक पडला नाही. संशोधन केंद्राच्या प्लॉटवर आलेले उत्पादन आपल्या शेतावर तसेच येईल असे नसते, हे आपण जाणताच. उंदीर ते माणूस हे अंतर त्याहून मोठे आहे.

कंपवाताबाबतही विचार करण्याजोगी माहिती आहे. या रोगात हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी अनेकांना बद्धकोष्ठ असते. २०१६ साली अमेरिकेत कंपवाताच्या रोग्यांचे जिवाणू खास जातीच्या उंदरांच्या पोटात सोडले, तेव्हा त्यांची हालचाल अधिक बिघडली. याचा अर्थ बद्धकोष्ठ असलेल्या प्रत्येकाला कंपवात होईल असा मुळीच नाही. रोगाची सुरुवात काहींच्या बाबतीत पोटातून होत असावी, एवढा संशय त्यातून बळावतो.

सारांश, लिव्हरच्या आजारातील भ्रमाचा आतड्यातील जिवाणूंशी संबंध पक्का आहे आणि त्यावर उपायही आहे. उदासीनता, चिंता, कंपवात यांच्याबाबत संबंध दिसतो, पण अमुक जिवाणू खा आणि बरे व्हा, असे कोणी सांगितले तर खिसा सांभाळावा.

मग करायचे काय

जिवाणू विकत घेण्याआधी घरात आहेत त्यांना जेवू घालावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाजी-फळे आणि किमान २५ ग्रॅम नैसर्गिक चोथा सांगितला आहे. त्यासाठी परदेशी काही लागत नाही. मंडईच्या गाळ्यांवर त्या संध्याकाळी सर्व काही मांडलेले होते.

कांदा आणि लसूण यांत इन्युलिन जातीचा चोथा असतो, तो जिवाणूंना फार मानवतो. मेथी, शेपू, अंबाडी, गवार, घेवडा या भाज्या घ्याव्यात. मटकी, हुलगा, हरभरा, तूर ही कडधान्ये सालीसकट खावीत. ज्वारी-बाजरीची भाकरी आहेच. हिरवट केळे आणि शिजवून थंड झालेला भात यांतील काही पिष्ट लहान आतड्यात पचत नाही, ते खाली जिवाणूंना मिळते. सकाळची गार भाकरी आणि ताक हे पूर्वीच्या माणसांचे खाणे अडाणीपणाचे नव्हते. पेरू बियांसकट खावा. दही-ताक रोज असावे. ते पोटाला चांगले, पण ते वेडावरचे औषध नव्हे.

चोथा एकदम वाढवू नये, पोट फुगते. आठवड्या-आठवड्याने वाढवावा आणि पाणी भरपूर प्यावे. अँटिबायोटिक गोळ्या जंतूंबरोबर चांगल्या जिवाणूंनाही मारतात. साध्या सर्दीसाठी त्या दुकानातून मागून घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिल्या तर मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्याव्यात. लिव्हरच्या रोग्याचे डाळ-दूध घरच्यांनी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना विचारावे. आणि अशा घरात दारू पूर्ण बंद, यात तडजोड नाही.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या भागात पाणी आले, ऊस आला, पैसा आला. त्याबरोबर ज्वारी गेली, मटकी-हुलगा गेला, बांधावरची अंबाडी तणनाशकाने गेली. आठवडा बाजार येईपर्यंत अनेक घरांत बटाटा आणि चहा-बिस्किटे यांवर भागते. यात आमचाही दोष आहे. सभासदांच्या शेतावर फिरताना आम्ही एकरी टनेज विचारले, घरात भाजी कोणती शिजते हे कधी विचारले नाही.

उसाची पहिली तीन-साडेतीन महिने वाढ सावकाश होते, सरीतली जागा मोकळी असते. तेथे आंतरपीक घेता येते. अडसालीत भुईमूग किंवा सोयाबीन, पूर्वहंगामीत कांदा, लसूण, हरभरा, सुरूच्या लागणीत मेथी, कोथिंबीर, कांदा, उन्हाळी भुईमूग. हे आंतरपीक आजवर आम्ही जास्तीचे उत्पन्न म्हणून सांगितले. यापुढे घरच्या ताटासाठी म्हणूनही सांगणार आहोत. सगळ्या रानात जमत नसेल तर विहिरीजवळचा एक गुंठा राखावा. घरातील बायकांना विचारून त्यात काय लावायचे ते ठरवावे, कारण शिजवायचे त्यांनाच आहे.

उसाच्या कांड्याच्या आत राहून हवेतील नत्र घेणारा ॲसेटोबॅक्टर हा जिवाणू १९८८ साली ब्राझीलमधील उसात सापडल्याचे प्रसिद्ध झाले.  आज आपण बेणे त्याच्या द्रावणात ३० मिनिटे बुडवून मगच लावतो. बेण्याची एवढी काळजी घेणाऱ्याने घरातल्या लेकराच्या ताटाचीही तेवढीच घ्यावी.

शेवटी एक विनंती

हा लेख वाचून कोणी मनाच्या आजारावर ताक-भाकरीचा उपाय करीत बसू नये. झोप उडाली, जेवण जाईना, कशातच राम वाटेना, जगणे नकोसे वाटले, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली मानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही, पैसे न लागता, मराठीतून बोलता येते. हा क्रमांक ऊस नोंदीच्या पावतीमागे लिहून ठेवावा. आपल्याला लागला नाही तर शेजाऱ्याला उपयोगी पडेल.

आणि घरातील माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर देवऋषाकडे आठ दिवस घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. कारण लिव्हर असेल, साखर कमी-जास्त झाली असेल, मेंदूत रक्तस्राव असेल. त्यात वेळच महत्त्वाची असते.

ते ज्येष्ठ सभासद परवा गट कार्यालयात आले होते. बंधूंची तब्येत बरी आहे, औषध चालू आहे, दारू सुटली आहे. अडसालीच्या चार सऱ्यांच्या बगलेला त्यांनी मेथी टाकली आहे. पहिली जुडी त्यांनी आमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पुण्याच्या मावशींना सांगा, यंदा मेथी घरची हाय."

आपला,
ऊस विकास अधिकारी